लोणारचे पाणी आणि आपली साक्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेतील आठवीच्या मुलांना घेऊन मी लोणारला गेलो होतो. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातली जागा, पण वर्गातल्या दोघा-तिघांनीच ती आधी पाहिलेली होती. विवराच्या काठावर उभे राहून खालचे हिरवे पाणी दिसले तेव्हा बसमधला सगळा गोंगाट थांबला. मी उल्केविषयी, काळ्या खडकाविषयी, खाऱ्या पाण्याविषयी सांगू लागलो. मुले ऐकत होती. तेवढ्यात एकाने विचारले, "सर, ये तो उन लोगों का तीरथ है ना? इसमें अपना क्या है?"

प्रश्नात कसलाही द्वेष नव्हता. त्याने झाडीतून डोकावणारी देवळे पाहिली होती आणि जे दिसले त्यावरून निष्कर्ष काढला होता. मी शिक्षकाने द्यावे तसे उत्तर दिले, "बेटा, सबका है," आणि पुढे निघालो. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न टोचत राहिला. "सगळ्यांचे आहे" असे म्हणणे सोपे असते. पण जे सगळ्यांचे असते त्याची राखण कोण करते? आणि राखण करणाऱ्यांच्या रांगेत आपण कुठे उभे असतो? त्या मुलाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

प्रथम जागेची ओळख. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि त्याच्या तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे सरोवर आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. १९७३ मध्ये अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे ते आघाताने, म्हणजे आकाशातून येऊन आदळलेल्या पाषाणामुळे झाले, हे पक्के झाले. बेसाल्ट खडकात झालेली अशी ठळक आणि सुस्थितीतली विवरे जगात फारच थोडी आहेत. त्याचे वय आधी सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जाई. नंतरच्या मोजणीत ते पाच लाख ७० हजार वर्षांच्या घरात निघाले. इतक्या जुन्या गोष्टीपुढे आपले-तुपले हा वादच लहान वाटतो. पण माणसांचा इतिहास लहान गोष्टींचाच असतो, म्हणून त्याकडे वळू.

अलेक्झांडरच्या सव्वादोनशे वर्षे आधी लोणारची नोंद फारसी भाषेत झालेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे गेले आणि अकबराच्या राज्याचा एक सुभा झाले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये प्रत्येक सुभ्याची माहिती दिली, त्यात वऱ्हाडचीही दिली. मेहकर ही तेव्हा एक ‘सरकार’ होती, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली विभाग, आणि लोणार तिच्या हद्दीत मोडत होते.

अबुल फजलने लोणारविषयी जे लिहिले त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, हे अत्यंत पवित्र स्थान आहे, ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात आणि पितरांसाठीचे पुण्यकर्म जिथे फळते अशा तीन गयांपैकी ही एक आहे. दुसरी, उंच डोंगरांनी वेढलेले एक कोस लांब आणि एक कोस रुंद असे हे तळे असून त्याचे पाणी खारे आहे, तरी त्यात गोडे पाणीही सापडते. वर टेकडीवर बैलाची आकृती कोरलेला झरा आहे. तिसरी, या तळ्यातून काच आणि साबण करण्याचे साहित्य आणि सोरा मिळतो आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न येते.

या नोंदीवर मी वर्गात एक तास घेऊ शकेन. बादशाहाच्या पदरी असलेला एक मुसलमान विद्वान दुसऱ्यांची श्रद्धा लिहितो आहे. तिची थट्टा करत नाही, तिला नाकारत नाही, लोक काय मानतात ते नीट सांगतो. त्याच परिच्छेदात पाण्याचा गुण सांगतो आणि उत्पन्नाचा हिशेबही सांगतो. आपण भाबडे होण्याचे कारण नाही, मोगल दरबाराला लोणारचे प्रेम होते ते महसुलापुरते. तरीही त्या नोंदीमुळे एक गोष्ट झाली. चारशे वर्षांपूर्वी हे पाणी कसे होते याची साक्ष आपल्याला मिळाली. आज कुणी म्हणाले की पाण्याचा खारेपणा काय, कमी-जास्त व्हायचाच, तर आपण म्हणू शकतो की तो चारशे वर्षे या तळ्याची ओळख आहे.

पुढे सत्ता बदलत गेल्या. १७२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. वऱ्हाड निजामाचे झाले. १८५३ च्या तहाने निजामाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. राजे बदलले तरी लोणारचा खार निघतच होता. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर आणि तळाशी खार जमे. लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो काढत. त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि त्यांना पापडी, डल्ला, खुप्पल, भुसकी अशी नावे होती. कुठला साबणाला, कुठला काचेच्या बांगड्यांना, कुठला कापड रंगवायला, तर कुठला पापडाला.

माझी दादी पापड लाटायला बसली की आजच्या दुकानातल्या पापडखाराला नावे ठेवायची. "लोणार का खार अलग था," एवढेच म्हणायची. तिने लोणार कधी पाहिले नव्हते. पण तिच्या जिभेला ते माहीत होते. त्या मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर कदाचित हेच असेल, की आपल्या चुलीपर्यंत हे तळे पिढ्यान् पिढ्या आलेले होते. ईदच्या दस्तरखानावर आणि दिवाळीच्या फराळात एकाच तळ्याचा खार असे.

कारखान्यातला सोडा स्वस्तात मिळू लागला आणि हा धंदा बसला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. खार काढणारा माणूस दर उन्हाळ्यात त्या पाण्यात उतरत होता. यंदा पाणी किती मागे गेले, खाराचा थर किती बसला, कुठला झरा आटला, हे त्याला पायाने कळत होते. त्याच्या पोटाचा प्रश्न असल्याने त्याचे डोळे तळ्यावर होते. धंदा गेला आणि डोळेही गेले. भक्त देवळात यायचे, सहलीची माणसे काठावरून पाहायची, शास्त्रज्ञ बाटलीत पाणी भरून न्यायचे. रोज पाहणारे कमी झाले.

कागदावर मात्र लोणारची इभ्रत वाढत गेली. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा दिला. २००० मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले. आणि नेमक्या याच काळात वर काठाला लागून असलेले लोणार गाव वाढत होते, गावाचे सांडपाणी उताराने विवराकडे वाहत होते, आणि तळ्याच्या काठाने वेडी बाभूळ माजत होती.

विवर म्हणजे एक बंद वाडगा आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. त्यात झरे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जाणारा एकही ओढा नाही. पाणी जाते ते फक्त वाफेने, आणि वाफ क्षार मागे ठेवून जाते. म्हणूनच तळे खारे झाले. नदीत टाकलेली घाण पुढच्या गावाला जाते, निदान आपल्या डोळ्यांआड होते. लोणारमध्ये जे पडते ते तिथेच राहते. सांडपाण्यातून येणारी नत्र-स्फुरदाची खते पाण्याचा स्वभाव बदलतात, जास्तीचे गोडे पाणी त्याचा खारेपणा पातळ करते. त्या तीव्र खाऱ्या पाण्यातच जगू शकणारे सूक्ष्म जीव आहेत, त्यांची सगळी दुनिया या एका वाडग्यात आहे. वेडी बाभूळ तर परदेशातून आलेली. ती एकदा रुजली की तिच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही.

येथे या कथेत स्वयंसेवक येतात. २००९ मध्ये काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. या माणसांचा तळ्याशी व्यापाराचा संबंध नव्हता. त्यांच्याकडे होती ती वर्षानुवर्षांची निरीक्षणे, छायाचित्रे आणि चिकाटी. त्या याचिकेमुळे सांडपाणी, वेडी बाभूळ, अतिक्रमणे, रस्ता असे सगळे प्रश्न एकेक करून न्यायालयापुढे आले आणि वर्षानुवर्षे येत राहिले. अधिकारी बदलले, मंत्री बदलले, तारखा पडत राहिल्या. पण प्रश्न फायलीत बंद झाला नाही, कारण कुणीतरी पुढच्या तारखेला पुन्हा हजर होत होते.

गावातही माणसे उभी राहिली. ‘मी लोणारकर’ या नावाने एकत्र आलेले तरुण हातात पोती घेऊन विवरातला, देवळांभोवतीचा कचरा गोळा करू लागले. प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, निर्माल्य. हे काम वर्तमानपत्रात छापून येण्यासारखे एखाद्याच दिवशी असते. बाकीचे दिवस ते फक्त काम असते. नावातला ‘मी’ मला फार आवडतो. ‘आम्ही’ म्हटले की माणूस गर्दीत लपू शकतो. ‘मी’ म्हटले की लपायला जागा उरत नाही.

रोज पाहणाऱ्या डोळ्यांची किंमत २०२० मध्ये कळली. त्या वर्षी जूनमध्ये, टाळेबंदीच्या काळात, तळ्याचे पाणी गुलाबी झाले. बातमी देशभर पोचली. काहींना तो चमत्कार वाटला, काहींना अपशकुन. न्यायालयाने नमुने तपासण्यास सांगितले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की खारटपणात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते आहे. पाणी कमी झाले होते, क्षार वाढले होते, म्हणून ते जीव वाढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इराणमधील रामसर या गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत लोणारचे नाव गेले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ.

त्यानंतरच्या काळात उलटेच घडले. पाण्याची पातळी वाढत गेली आणि काठावरच्या काही देवळांत पाणी शिरले. कधी पाणी आटल्याची चिंता, कधी वाढल्याची. ज्याने एकदाच येऊन पाहिले त्याला यातले काहीच कळणार नाही. वीस वर्षे पाहत आलेल्या माणसालाच सांगता येईल की नेहमीचे काय आणि वेगळे काय. म्हणून मला वाटते की स्वयंसेवकाचे खरे हत्यार झाडू नाही, साक्ष आहे. झाडू हातात धरल्याने तो तिथे रोज जातो. रोज गेल्याने त्याला दिसते. दिसले ते तो लिहून ठेवतो, म्हणून न्यायालयात बोलता येते.

आता आपल्याकडे येतो. आपल्या तारीखेत यासाठी एक शब्द आहे, ‘हिमा’. हिमा म्हणजे राखलेली कुरणे. हजरत पैगंबर (स.) यांनी मदीनेजवळ घोड्यांसाठी कुरण राखून ठेवले, आणि मदीनेच्या हरमच्या हद्दीत झाडे तोडण्यास, शिकार करण्यास मनाई केली. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या राखणीसाठी हुनै नावाचा एक मुक्त केलेला गुलाम नेमला. त्याला दिलेली ताकीद ‘सहीह बुखारी’मध्ये आली आहे. तिचा आशय असा, की ज्याच्याकडे मोजकेच उंट, मोजकीच बकरी आहेत त्या गरिबाला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान यांच्या कळपांना मात्र आवर, कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेते आणि बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन माझ्याच दाराशी येईल.

चौदाशे वर्षांपूर्वीची ही ताकीद मला आजच्या कुठल्याही अभयारण्याच्या फाटकावर लावावीशी वाटते. निसर्ग राखायचा तो गरिबाला हाकलून नव्हे, आणि मोठ्यांना मागच्या दाराने सोडून तर मुळीच नव्हे. आणि राखणीचे काम ज्याला दिले तो कोणी सरदार नव्हता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण आपण काय करतो? आपल्या जलशांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत आपण अभिमानाने सांगतो की मलिक अंबरने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधली. तिथली पाणचक्की सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडच्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले गेले, त्या कुंडी भंडाऱ्याचे गुण गातो. हे सगळे खरे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. परंतु नहर-ए-अंबरीची आज काय अवस्था आहे? वाढत्या वस्तीखाली ती ठिकठिकाणी बुजली, फुटली. जी नहर आपली म्हणून आपण छाती फुगवतो, तिच्यातला गाळ काढायला आपल्यातले किती जण गेले? पूर्वजांच्या कामावर हक्क सांगणे सोपे आहे. त्यांच्या कुदळीवर हक्क सांगायला मात्र आपण कचरतो.

आपण अडचणीत असलेला समाज आहोत, हे मला माहीत आहे. रोजगार, शिक्षण, घर, रोजची धास्ती, यांतून वर येऊन तळ्याकडे कोण पाहणार, असे कुणी म्हणेल तर त्याला दोष देता येत नाही. कधी कधी जाण्याचा संकोचही असतो. देवळाजवळचा कचरा उचलायला आपण गेलो तर लोक काय म्हणतील, आपले काय म्हणतील, त्यांचे काय म्हणतील? हा संकोच मीही अनुभवला आहे. तो खोटा नाही. पण तो दूर होतो तो भाषणाने होत नाही. एकत्र काम केल्यानेच होतो.

याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पानी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा वऱ्हाडात कुत्रेही सावली सोडत नाही, तेव्हा गावाने श्रमदान करून चर खोदले, बांध घातले. तिथल्या आणि लोणारच्या कामात एक फरक आहे. चर खोदला की पहिल्या पावसात तो भरलेला दिसतो, विहिरीला पाणी वाढते, माणूस खूश होतो. लोणारमध्ये कामाचे यश म्हणजे काही न घडणे. पाणी होते तसे राहिले, तर काम झाले. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कोणी करत नाही. म्हणून लोणारसारख्या जागेला राखणारा माणूस मला अधिक धीराचा वाटतो.

उर्दू शाळांतील माझ्या सहकाऱ्यांना, आणि मराठी शाळांतील मुसलमान शिक्षकांनाही, माझी एक साधी विनंती आहे. पैनगंगा बुलडाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा, मन, खडकपूर्णा या आपल्या गावांशेजारून वाहतात. प्रत्येक शाळेने आपल्या जवळचा एक नाला, एक नदी किंवा एक तळे निवडावे. वर्गात एक वही ठेवावी. महिन्यातून एकदा मुलांनी तिथे जावे आणि पाणी कुठवर आहे, रंग कसा आहे, वास येतो का, कोणते पक्षी दिसले, कचरा कुठून येतो, एवढेच तारखेसह लिहावे. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. एक इयत्ता गेली की वही पुढच्या इयत्तेला द्यावी. याला ना निधी लागतो ना परवानगीचे कागद. दहा वर्षांनी ती वही त्या पाण्याची साक्षीदार होईल आणि कदाचित कुणाच्या तरी अर्जाला, कुणाच्या तरी याचिकेला जोडली जाईल. आमच्या शाळेत अशी वही सुरू झाली आहे. तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत. तारखा मात्र बरोबर आहेत.

त्या दिवशी प्रश्न विचारणारा मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. भेटला तर त्याला सांगेन, की बेटा, तू विचारलेस ते बरेच केलेस. यात तुझे काय आहे म्हणतोस? तुझ्या पणजीच्या पापडातला खार आहे. अबुल फजलच्या कलमाने लिहिलेला एक परिच्छेद आहे. आणि ज्याला तू ‘उन लोगों का तीरथ’ म्हणालास, त्याला त्या माणसाने आदराने पवित्र स्थान म्हटले आणि लगेच पुढच्या ओळीत त्याचे पाणी कसे आहे तेही नोंदवून ठेवले. त्याने आपल्या वाटची साक्ष दिली. आता पाळी तुझी आहे, आणि माझीही.